बुधाजीची गाडी का येईना

खुशालराव काळमेघांनी आपला रेडिओ देऊन टाकायचं ठरवलं. एकदा ठरवलं की काळमेघ मागं सरत नाहीत, हे सगळ्या अमरावतीला नसलं तरी त्यांच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बुधाजीले फोन लाव. म्हना, गाडी आन अन् हे सारं अकोल्याले घेऊन जाय.’ सुभद्राबाईंनी पाटी वाचली, नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं फोन लावला. भांडायचं तर समोरच्यालाही तोंड हवं. पाटी घेऊन बसलेल्या माणसाशी भांडण्यात काय मजा?

पाटी आली ती मागच्या वर्षी. घशात गाठ निघाली आणि ती काढताना नागपूरच्या डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आणि कुणाचा गेला, तर खुशालरावांचा! हौशी रेडिओवाल्यांमध्ये, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेल्या आणि घरबसल्या एकमेकांशी बिनतारी गप्पा मारणाऱ्या मंडळींमध्ये, त्यांच्या आवाजाला तोड नव्हती. रोज सकाळी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत जेवढे परवानेवाले होते तेवढ्यांची हजेरी खुशालराव घेत. अकोल्याहून बुधाजी वानखडे म्हणत, “जय भीम, खुशालराव.” इकडून खणखणीत आवाज जाई, “जय गुरू, बुधाजी. बोल, अकोला काय म्हनते?” पॉलिटेक्निकच्या नोकरीतून खुशालराव निवृत्त झाले, पण या हजेरीतून त्यांना कुणी निवृत्त करू शकलं नव्हतं.

डॉक्टरांनी गळ्याला टेकवून बोलायचं एक बॅटरीचं यंत्र दिलं होतं. खुशालरावांनी ते एकदाच लावलं. पिठाच्या गिरणीला वाचा फुटावी तसा आवाज निघाला. त्यांनी ते कपाटात टाकलं, शेजारी माइक ठेवला, आणि रेडिओवर दुपट्टा पांघरला. ज्यावर बोलता येत नाही ते समोर ठेवून रोज जिवाला चटका कशाला लावून घ्यायचा? बुधाजीनं एकदाचा नेला की विषय मिटला.

पण बुधाजीची गाडी काही येईना. पहिल्या रविवारी क्लचप्लेट गेली. दुसऱ्या रविवारी भाचीचं साक्षगंध निघालं. तिसऱ्या रविवारी गुडघा धरला. दर वेळी फोन सुभद्राबाईंना यायचा, आणि निरोप कळल्यावर खुशालराव पाटीवर असं काही लिहायचे की सुभद्राबाई ते पुसूनच पुढं सरकायच्या. जन्माचा मित्र, आणि एवढं एक काम सांगितलं तर त्याला सवड नाही! आवाज गेला की माणसाची किंमतही जाते, असं खुशालरावांनी मनाशी धरून टाकलं. येत्या रविवारी मात्र काही झालं तरी येतो, असं बुधाजीनं शपथेवर कबूल केलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांची सून पौर्णिमा माळ्यावर चढली. होळी झाली होती, ऊन तापलं होतं आणि घरातला कूलर अजून माळ्यावरच होता. पौर्णिमा नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडगिरणीत मागांच्या कंट्रोल पॅनेलची देखभाल करायची. तिचा नवरा कुलदीप बदलीच्या नोकरीत, सध्या नांदेडला. त्यामुळं घरात काही बिघडलं की हाक तिलाच. कूलरच्या मागून तिच्या हाताला ॲल्युमिनियमची एक चपटी पेटी लागली. पुढं बारके दिवे, मागं सॉकेटं.

“बाबा, हे काय होय?”

खुशालरावांनी हात उडवला. भंगार!

“भंगार तं असन, पन होतं काय हे?”

पाटीवर उत्तर आलं, ‘पॅकेट कंट्रोलर. जुनं खेळनं. टाइप केलं का रेडिओवरून अक्षरं जातात.’

पौर्णिमानं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. “म्हंजे याले बोला लागत नाई?”

खुशालरावांनी पाटी उलटी ठेवली. पेटीची आठवण त्यांना नव्हती असं नाही. एके काळी ते आणि बुधाजी तिच्याशी तासन् तास खेळले होते. पण ज्याच्या एका हाकेवर सगळं वऱ्हाड हजेरी द्यायचं, त्यानं आता कारकुनासारखं टंकत बसायचं? त्यापेक्षा नकोच ते. त्यांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. अडचणीचा प्रश्न आला की ते नेहमीच हे करत, आणि घरात सगळ्यांना ते माहीत होतं.

“तुमी झोपाच,” पौर्णिमा म्हणाली. “रविवारपर्यंत रेडिओ आपल्याच घरात हाय ना? तवर मले जरा पाहू द्या. मी पाठवत काई नाई, परवाना तुमचा हाय. नुसती आयकाची सोय करते. हवेतून कोनाचं कोनाशी लेखी बोलनं चालू असलं तं ते इथं वाचाले भेटन, एवढंच.”

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्या सकाळी तिला जाग आली ती सासऱ्याच्या हजेरीनंच. तेव्हा तिनं कपाळाला हात लावला होता. आता वर्षभर ते घर सकाळी गप्प होतं आणि तिला ते सोसत नव्हतं. रविवारी रेडिओ गेला तर हे गप्प राहणं कायमचं होईल, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

संध्याकाळी तिनं दुपट्टा काढला. रेडिओच्या स्पीकरच्या सॉकेटमधून एक वायर पेटीला, पेटीतून एक वायर लॅपटॉपला. रेडिओची स्क्वेल्चची खुंटी तिनं कान लावून जागेवर आणली. हवेत कुणी बोलत नसलं की रेडिओ नुसता खसखसतो; ती खसखस जेमतेम थांबेल इतकीच खुंटी आवळायची असते. मग तिनं पेटीला एकेक हुकूम टाइप करायला घेतला. खुशालराव आरामखुर्चीतून एका डोळ्यानं पाहत होते. दुसरा डोळा अजून झोपेत होता.

आधी तिनं वेग जुळवला. मग ‘मॉनिटर’ चालू केला, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं पडद्यावर उमटावं. मग आणखी एक हुकूम दिला, म्हणजे नुसत्या जाहीर घोषणा नव्हे तर दोघांच्या आपसातल्या गप्पाही दिसाव्यात. पेटीही जुन्या वळणाची, प्रत्येक हुकमाला उत्तर द्यायची: आधी बंद होतं, आता चालू आहे. पौर्णिमा ते उत्तर वाचल्याशिवाय पुढचा हुकूम देत नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती तपासायची, मगच दुसरीला हात लावायचा. हेच तर खुशालराव पॉलिटेक्निकच्या पोट्ट्यांना जन्मभर ओरडून सांगत आले होते, आणि एकाही पठ्ठ्यानं कधी ऐकलं नव्हतं! त्यांचा दुसरा डोळाही उघडला.

तेवढ्यात वीज गेली. परत आली तेव्हा पेटी सगळं विसरून बसली होती. आठवण राखायची तिची बॅटरी कधीच मेली होती. खुशालरावांना वाटलं, आता पोरगी कंटाळणार. पोरगी कंटाळली नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीतून येताना तिनं नवी बॅटरी आणली, झाळून बसवली आणि सगळे हुकूम पहिल्यापासून दिले. या वेळी पेटीनं लक्षात ठेवले.

पण पडदा कोराच! एक दिवस कोरा, दोन दिवस कोरा.

“कोनी बोलतच नसन,” सुभद्राबाई म्हणाल्या. “का बिचारीले राबवून राहिले?”

“आई, ते नाई राबवत. मीच राबून राहिली.”

खुशालरावांना खात्री होती की कुणीतरी बोलत असणार. मूर्तिजापूरच्या महादेवरावाकडं अशी एक पेटी होती, बुधाजीकडं एक होती, आणि दुपारी जेवणं झाली की त्या दोघांना स्वस्थ बसवतच नसे. हे त्यांनी पाटीवर लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण सामील झालो आहोत. तोवर उशीर झाला होता.

पौर्णिमानं शोध सुरू केला, आणि तो पाहण्यासारखा होता. हवेतून अक्षरं जातात तेव्हा होणारा पॅकेटचा भर्र आवाज इंटरनेटवरून मोबाइलमध्ये घेऊन तिनं तो सरळ पेटीला ऐकवला. पडद्यावर अक्षरं उमटली. म्हणजे पेटी चांगली, लॅपटॉप चांगला, अर्धा रस्ता साफ. मग रेडिओची वायर बदलून पाहिली. मग उन्हात गच्चीवर जाऊन अँटेनाच्या जोडावरचा हिरवा गंज खरवडला. घाम पुसत खाली आली, तरी चेहऱ्यावर वैताग नाही. खुशालराव आता खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसू लागले होते. आपल्याला असा एक विद्यार्थी मिळाला असता तर, असं त्यांच्या मनात येई, आणि लगेच वाटे, मिळाला तो काय वाईट? जरा उशिरा मिळाला इतकंच.

“बाबा, मी कामावर गेली का तुमी रेडिओले हात तं नाई लावत?” तिनं सहज विचारलं.

खुशालरावांनी छातीवर हात आपटला. पाटीवर लिहिलं, ‘गुरुकुंजाची आन!’ मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाची आण काळमेघांच्या घरात कुणी खोटी घेत नाही. पौर्णिमानं मान डोलावली आणि विषय सोडला.

शनिवारी तिनं रजा टाकली. रविवार उद्यावर आला होता. जेवणं झाल्यावर ‘जरा पडते’ म्हणून ती आतल्या खोलीत गेली. सुभद्राबाईंनी कूलर लावला. त्या कूलरची मोटर जुनी, सुरू होताना ठिणग्या टाकणारी. ती फिरली आणि रेडिओ खस्सकन खसखसला. खुशालराव पेपर वाचत होते. पेपरातून नजर न काढता त्यांनी हात लांब केला, खुंटी कचकन आवळली, खसखस बंद झाली, आणि त्यांनी पान उलटलं.

पान उलटताना त्यांना दारात पौर्णिमा दिसली. ती त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत नव्हती, हाताकडं पाहत होती.

खुशालरावांनीही हाताकडं पाहिलं. मग खुंटीकडं. रेडिओ खसखसला की खुंटी आवळायची, ही त्यांची उभ्या आयुष्याची सवय. हात जात होता आणि डोक्याला पत्ता नव्हता! खुंटी जास्त आवळली की खसखशीबरोबर लांबून येणारा अशक्त आवाजही दाबला जातो, हे त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि त्यांनीच रोज दुपारी, कूलर लागला की, अकोला आणि मूर्तिजापूर आपल्या हातानं गळा दाबून बंद केले होते.

“आई, बिघाड सापडला,” पौर्णिमा स्वयंपाकघराकडं तोंड करून शांतपणे म्हणाली.

खुशालराव पाटी शोधू लागले. ‘मी आन घेतली होती,’ त्यांनी लिहिलं.

“खोटी नाई घेतली बाबा तुमी. तुमाले मालूमच नवतं. आमच्या गिरनीत एक मिस्त्री हाय. जाता जाता प्रत्येक मागाच्या धाग्यावर बोट फिरवते. माग काहून बंद पडला इचारलं तं म्हनते, मी हातच नाई लावला. अन् खरंच सांगते तो.”

मशीन तपासून झाली, वायर तपासून झाली, गच्ची झाली. मग उरलं होतं ते घर. म्हणून ही मुलगी रजा काढून आतल्या खोलीत जागी पडून राहिली होती. तपासात तिनं माणसाला वगळलं नाही, आणि दोष सापडल्यावर माणसाला झोडपलंही नाही. हे कुठल्या पॉलिटेक्निकात शिकवत नाहीत. खुशालरावांना तिचं इतकं कौतुक वाटलं की ते लपवायचं कसं हे त्यांना कळेना. शेवटी लपवायचं कशाला, म्हणून त्यांनी लिहिलं, ‘मायापेक्षा हुशार हाय तू.’ आवाज होता तेव्हा ही कबुली त्यांनी कधी कुणाला दिली नव्हती.

“ते ठेवा बाजूले,” पौर्णिमा म्हणाली, पण तिचे कान लाल झाले. “खुंटी तुमीच सोडा.”

खुशालरावांनी खुंटी अलगद सैल केली. थोडी खसखस, मग शांतता. मग भर्र! पेटीवरचा दिवा लागला. पुन्हा भर्र, आणि पडद्यावर ओळी उतरू लागल्या. अक्षरं इंग्रजी होती, बोली अस्सल वऱ्हाडी. कोण कुणाला लिहितंय ते पेटी ओळीच्या आधी सांगत होती: मूर्तिजापूरचा महादेवराव आणि अकोल्याचा बुधाजी.

‘उद्या जातं का अमरावतीले?’ महादेवरावानं विचारलं होतं.

‘जातो म्हनून सांगतलं हाय.’

‘म्हंजे नाई जात.’

‘कसा जाऊ बाप्पा? एकदा मशीन उचलून आनलं का खुशालराव संपला. घरात राहीन तं कधी ना कधी हात लावन त्याले.’

खुशालराव खुर्चीत पुढं सरकले. हे दोघे सकाळच्या चॅनेलवर असं बोलले असते तर सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं असतं. फोन हे लोक बायकांना करतात. रेडिओवाल्यानं रेडिओवाल्याला फोन करायचा म्हणजे हार पत्करायची, असा त्यांचा बाणा. आणि लेखी बोललं तर वाचणार कोण? तिसरी पेटी अमरावतीला माळ्यावर धूळ खात पडली आहे, याची दोघांनाही खात्री होती.

‘मंग आता काय सांगतं?’ महादेवराव विचारत होता.

‘तेच तं. क्लच झाला, साक्षगंध झालं, गुडघा झाला. आता सुचूनच नाई राहिलं. तुयाकडे एखादा बहाना असन तं दे.’

‘सासू मारून टाक.’

‘ते मागंच मेली. खुशालराव तेरवीले आलता.’

पौर्णिमाला हसू आवरेना. सुभद्राबाई हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. “काय लिहून राहिले?” त्यांनी विचारलं. पौर्णिमानं हळू आवाजात वाचून दाखवायला घेतलं, तेवढ्यात पुढची ओळ आली.

‘सकायी हजेरीत त्याचं नाव घेतो मी रोज. मंग चूप बसतो जरासा. त्याच्या उत्तराची जागा सोडून देतो. पोट्टे हासत असतीन मले. हासो. त्याची जागा कोनाले देत नाई मी.’

खुशालरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ज्याला ते तीन आठवडे विसराळू, मतलबी, वेळेला उलटलेला म्हणून पाटीवर शिव्या लिहीत होते, तो रोज सकाळी त्यांच्यासाठी शांतता पाळत होता, आणि ती ऐकायला हे रेडिओ लावतच नव्हते! त्यांनी गळ्याच्या छिद्रावर बांधलेल्या फडक्यानं डोळे पुसले, फडकं जागेवर नीट केलं आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला.

पौर्णिमा उठली, पेटीची दुसरी वायर तिनं रेडिओच्या माइकच्या सॉकेटात खोचली आणि बाजूला झाली. “बाबा, पेटीत तुमचा कॉलसाइन घातला नाई मी. आयकाले नाव लागत नाई. पाठवाचं असन तं...”

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत खुशालरावांनी दोन बोटांनी आपला कॉलसाइन टाइप केला होता. पेटीनं आपल्या रिवाजाप्रमाणं उत्तर दिलं: याआधी नाव नव्हतं. खुशालरावांनी पुढं टाइप करायला घेतलं. चुकलं, खोडलं, पुन्हा केलं. दुसऱ्यांच्या बोलण्यात शिरायचं तर रेडिओवाला आधी ‘ब्रेक’ म्हणून परवानगी मागतो. तीही रीत त्यांनी सोडली नाही.

‘ब्रेक. बुधाजी, आता बहाना शोधू नको. सरळ सांग का खुशालराव मशीन देयाले नाई म्हनते.’

बटण दाबलं. पेटी थांबली, पलीकडं महादेवरावाचं काहीतरी अजून चाललं होतं आणि कुणी बोलत असताना ती मधे तोंड घालत नाही. हवा मोकळी झाली. रेडिओचा लाल दिवा लागला, भर्र झालं, दिवा विझला. संदेश गेला.

पडदा कोरा राहिला. कूलर घरघरत होता. सुभद्राबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मग एक ओळ आली. ‘कोन?’

आणि लगेच दुसरी, घाईत चुकीची अक्षरं पडलेली. ‘खुशालराव? तू होय का?’

खुशालरावांनी एकेक अक्षर शोधून दाबलं. त्यांचे ओठ हलत होते, आणि पौर्णिमाला वाटलं, हा आवाज आपल्याला चांगला ओळखीचा आहे.

‘मी नाई तं काय तुयी सासू होय?’

अकोल्यात तो म्हातारा हसतो आहे की रडतो आहे, हे पेटीला सांगता येत नव्हतं. शेवटी भर्र झालं आणि ओळ उमटली.

‘उद्या सकायीच निंगतो. गाडी एकदम चांगली हाय.’